बाबासाहेबांची मधुमेहाशी झुंज

१४ नोव्हेंबर हा दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या कॅनडाच्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्यांचे जन्मवर्ष १८९१. त्याच वर्षी, बरोबर सात महिने आधी, १४ एप्रिलला महू येथील लष्करी छावणीत भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला. या दोघांची कधी भेट झाली नाही. पण बँटिंग यांच्या शोधावर बाबासाहेबांना आयुष्याची अखेरची वर्षे काढावी लागली.

बाबासाहेबांचे संविधानाचे काम आणि नागपूरची धम्मदीक्षा वऱ्हाडातल्या घराघरांत माहीत आहे. ही दोन्ही कामे त्यांनी मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने केली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आज ज्याला नुकतीच शुगर निघाली आहे, त्याने ही हकिकत जरूर वाचावी.

शिकतानाची उपासमार

सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे चौदावे अपत्य. सातारा, मुंबई, मग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तिथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले. पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले. त्या दिवसांत सकाळी घरमालकीण देईल तो पाव आणि रात्री भूक फारच लागली तर भाजलेले पापड, एवढ्यावर ते वाचनालयात दिवस काढत. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मोडण्याची सवय तिथपासूनची.

ते लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, त्याच काळात टोरँटो येथे मोठी घटना घडली. १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून रक्तातली साखर उतरवणारा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचला गेला. तोपर्यंत मधुमेह झालेले लहान मूल वाचत नसे आणि मोठ्या माणसाला उपाशी ठेवण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १९२३ मध्ये या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.एस्सी. पदवी दिली आणि ते मुंबईत वकिली करू लागले.

विश्रांती नसलेली वर्षे

पुढची पंचवीस वर्षे या माणसाने शरीराला उसंत दिली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते अमरावतीला आले. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना इथे कळली. मग नाशिकचा काळाराम सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, पुणे करार. घरात दुःखांची रांग होती. चार मुले लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी रमाबाईही गेल्या. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे ते एकटे राहिले. त्यांच्या पथ्यपाण्याकडे, औषधांकडे रोज पाहील असे घरात कोणी उरले नाही.

१९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते. पण कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी परदेशी गेले, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीत राहू शकले नाहीत. अखेरीस मसुद्याचा भार एकट्या आंबेडकरांवर पडला, ही गोष्ट समितीचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनीच संविधान सभेत सांगितली.

मसुद्याच्या या घाईगर्दीतच शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. रात्र रात्र झोप नाही, पाय असह्य दुखतात, अशी त्यांची अवस्था झाली. उपचारासाठी ते मुंबईला डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे जाऊ लागले. मधुमेहाने मज्जातंतूंपर्यंत मजल मारली होती आणि इन्सुलिन चालू होते. तेव्हा त्यांचे वय ५६ होते.

पाय का दुखत होते?

उतारवयात, हळूहळू, आवाज न करता येणाऱ्या या मधुमेहाला आज टाईप टू म्हणतात. यात इन्सुलिन शरीरात तयार होते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. पुढे स्वादुपिंडही थकत जाते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. ज्या नसांना त्या वाहिन्या रक्त पोचवतात, त्या नसा उपाशी पडतात. सर्वांत लांब नसा पायांच्या असतात, म्हणून सुरुवात तळपायापासून होते. मुंग्या, जळजळ, टोचल्यासारख्या कळा, आणि हे सारे रात्री अधिक. हाच त्रास डोळ्यांच्या पडद्याला आणि मूत्रपिंडांनाही होतो.

रुग्णांनी लक्षात घेण्याची बाब अशी, की या आजारात साखर वाढल्यापासून त्रास जाणवेपर्यंत बरीच वर्षे जाऊ शकतात. पाय दुखू लागले तेव्हा आजार सुरू झाला असे नसते. तो आधीच घरात येऊन बसलेला असतो. बाबासाहेबांच्या धकाधकीच्या आयुष्यात त्याची चाहूल वेळीच घेण्याची सोय नव्हती. काहीही त्रास नसताना साखर तपासून घ्यावी, अशी पद्धतही त्या काळी रुळलेली नव्हती.

माईसाहेबांची साथ

डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या एम.बी.बी.एस. झाल्या होत्या. बाबासाहेबांना वेळेवर योग्य जेवण आणि औषध देणारे, प्रकृती जाणणारे कोणीतरी सतत जवळ हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. शारदाबाई सविता आंबेडकर झाल्या. लोक त्यांना माईसाहेब म्हणू लागले.

त्या काळी मधुमेही माणसाला सांभाळणे म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीला ठाऊक नाही. बोटाला टोचून पाच सेकंदांत आकडा सांगणारे यंत्र नव्हते. रक्तातली साखर पाहायची तर शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत द्यावे लागे. घरी करता येण्याजोगी तपासणी लघवीची. काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि नळी उकळायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर साखर वाढत गेलेली. या तपासणीत मोठी खोट होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे रंग निळा असला तरी साखर १७० असू शकते, किंवा धोकादायक रीतीने ५० वर घसरलेली असू शकते. दोन्हींचा रंग एकच.

इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेले असे. काचेची सिरिंज आणि जाड सुई प्रत्येक वेळी उकळून घ्यावी लागे. मात्रा अंदाजाने ठरे. थोडी जास्त झाली किंवा जेवण लांबले तर घाम, थरथर, भोवळ. कमी झाली तर साखर चढलेलीच. माईसाहेब स्वतः डॉक्टर असल्याने पथ्य आणि औषध यांची घडी त्या घरात बसली. औषधाइतकीच ही घडी महत्त्वाची असते.

आजार सोबत घेऊन संविधान

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडला. पुढचे वर्षभर एकेका कलमावर चर्चा झाली. एकूण ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडून चर्चिल्या गेल्या. बहुतेकांना उत्तर देण्यासाठी उभे राहायचे ते बाबासाहेबांनीच. पायांत वेदना, रात्री अपुरी झोप आणि दिवसा तासन् तास उभे राहून युक्तिवाद. २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे समारोपाचे भाषण आजही अभ्यासले जाते. ते वाचताना हा माणूस आजारी आहे अशी शंकासुद्धा येत नाही.

त्यानंतर हिंदू कोड बिल आले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळवले, की प्रकृतीमुळे आपल्याला आणि डॉक्टरांना चिंता वाटते. उपचार घेण्यापूर्वी हे विधेयक लवकर घेतले जावे. विधेयक रखडले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. उपचार मागे आणि काम पुढे, हा त्यांचा क्रम आयुष्यभर बदलला नाही. त्यांच्यापुढे जे काम होते ते पाहता त्यांना कोणी दोष देऊ नये. त्या उशिराची किंमत मात्र शरीराने मोजली.

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. त्यानंतर जून ते ऑक्टोबर असे पाच महिने ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टी मंदावली होती. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकांवर जीव लावला, राजगृहात हजारो ग्रंथ जमवले, त्याला वाचन जड जाऊ लागले. चालताना काठीचा आणि दुसऱ्याच्या खांद्याचा आधार लागू लागला.

अशा प्रकृतीत त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहून काढला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, ते नागपूरला हातात काठी घेऊन उभे राहिले आणि लाखो लोकांना त्यांनी दीक्षा दिली. वऱ्हाडातून कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी पायी तिथे पोचले होते. दोन दिवसांनी चंद्रपूर झाले. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद झाली. परतताना सारनाथ आणि कुशीनगर. दिल्लीला आल्यावर आठवडाही झाला नव्हता. ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या निवासस्थानी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. वय ६५. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर कितीतरी हस्तलिखिते अपुरी राहिली.

थोडक्यात चुकलेले शोध

वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहिला की चुटपुट लागते. मधुमेहावरच्या पहिल्या परिणामकारक गोळ्या १९५० च्या दशकाच्या मध्यावर युरोपात आल्या. आज जगभर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी फ्रान्समध्ये १९५७ मध्ये वापरात आली, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतरच्या वर्षी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीचा पाया १९६० च्या दशकाच्या शेवटी घातला गेला. बोटाच्या थेंबावर साखर मोजणारी यंत्रे १९७० नंतर आली. डोळ्यांच्या पडद्यावरचे लेसर उपचारही त्यानंतर रुळले.

साखर काबूत ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खरोखर वाचतात का, याचा भक्कम पुरावासुद्धा तेव्हा नव्हता. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक टाईप टू रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आणि १९९८ मध्ये निष्कर्ष आले. साखरेवर कडक ताबा ठेवलेल्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढेही त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या काळजीचा फायदा नंतर दीर्घकाळ टिकतो असे दिसले. निदानानंतरची पहिली काही वर्षे म्हणूनच सर्वांत मोलाची. नेमकी हीच वर्षे बहुतेक लोक काही त्रास तर होत नाही ना, म्हणून वाया घालवतात.

आज मोर्शीत

बाबासाहेबांना जे मिळाले नाही, ते आज मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात मिळते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत दिल्या जातात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, यावरून निदान होते. त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते.

निदान झाल्यावर बहुतेकांसाठी उद्दिष्ट असे: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आसपास किंवा खाली. वयस्क किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर हे आकडे थोडे सैल ठेवतात. साखर ताब्यात येईपर्यंत एचबीए१सी दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी करावी. घरी ग्लुकोमीटर असेल तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचावे. संत्र्याचा रस बोटाला लागलेला असेल तर आकडा खोटा चढतो, हे बागाईतदारांनी विशेष लक्षात ठेवावे. आकड्यासोबत तारीख, वेळ आणि जेवणाआधीचा की नंतरचा हे वहीत लिहावे. नुसत्या गोळ्यांवर असलेल्याने रोज चारदा टोचून घ्यायची गरज नसते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी तपासले तरी पुरते. इन्सुलिनवर असलेल्यांना जास्त वेळा तपासावे लागते.

मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी. पहिले काही दिवस पोट बिघडले तर घाबरून सोडू नये. डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात. ग्लिमेपिराईडसारखी गोळी जेवणाच्या आधी घेतात. ती घेतल्यावर जेवण चुकवले तर साखर घसरते. दरदरून घाम, थरथर, एकदम भूक, धडधड असे झाले की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. नवरात्र, एकादशी, वर्षावास, रोजे असा कोणताही उपास असो, आधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

साखर नॉर्मल आली म्हणून गोळी बंद करणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. साखर नॉर्मल आली ती गोळी, जेवण आणि चालणे यांच्या जोरावर. गोळी कमी करता येते, कधी थांबवताही येते. पण ते तपासण्या पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

ज्या पायांनी आणि डोळ्यांनी बाबासाहेबांना शेवटी साथ दिली नाही, त्यांची तपासणी वर्षातून एकदा होऊ शकते. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, पायांची संवेदना, रक्तदाब. रोज रात्री तळपाय पाहावेत. बधिर पायाला पऱ्हाटीचे धसकट घुसले तरी कळत नाही, म्हणून वावरात अनवाणी जाऊ नये.

आणि घरच्यांनी या आजारात सामील व्हावे. वहीत आकडा लिहिणे, गोळीची वेळ सांभाळणे, पंगतीत रोडग्यांवर वाढलेली बुंदी नको म्हणायला हिंमत देणे, हे काम घरचे माणूसच करू शकते. दिल्लीच्या त्या घरात सिरिंज उकळणारी आणि पथ्य सांभाळणारी डॉक्टर पत्नी होती, म्हणून देशाला संविधानाच्या शिल्पकाराची आणखी काही वर्षे मिळाली असे म्हणायला हरकत नाही. आज ते काम सोपे झाले आहे. त्याला आता डॉक्टर असावे लागत नाही, लक्ष असावे लागते.